बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-कणकुंबीच्या पावसाळी भटकंतीत वडिलांचे एचएमटी घड्याळ घालावे की जी-शॉक घ्यावे?

जी-शॉक घ्यावे. कॅसिओने १९८३ साली बाजारात आणलेल्या या घड्याळाचा लौकिक केवळ जाहिरातीचा नाही. आतले यंत्र कवचात जवळजवळ अधांतरी बसवलेले असल्याने निसरड्या जांभ्यावर हात आपटला तरी धक्का यंत्रापर्यंत सहसा पोचत नाही आणि २०० मीटरची जलरोधकता कणकुंबीच्या पावसालाही पुरून उरते. (नुसते 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेले घड्याळ हात धुण्यापुरतेच समजावे.) सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरात घड्याळे बनवू लागलेल्या एचएमटीची ओढ निराळी आहे, कारण सकाळी चावी देताना बोटांना जाणवणारा तो हलका ताण बॅटरीवरच्या घड्याळात मिळत नाही, मात्र जुन्या चावीच्या फटीतून ओल शिरून काचेला आतून वाफ धरते, म्हणून ते लग्नकार्यात मिरवावे.