अवलिया : गौरव की टोमणा?

फोंड्याच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : गावातल्या जुन्या नाट्यकलाकाराच्या शोकसभेच्या फलकावर ‘अवलिया कलावंत’ असं लिहिलं होतं. शेजारचे मुस्लिम काका म्हणाले, हा शब्द मुळात अनेकवचनी आहे आणि संतांसाठी वापरतात. घरच्यांना मात्र तो लहरी, विक्षिप्त अशा अर्थाचा वाटला. मग खरं काय?

काकांचं बरोबर आहे. अरबीत ‘वली’ म्हणजे निकटचा, मित्र, पाठीराखा. ‘औलिया’ हे त्याचं अनेकवचन. कुराणातल्या युनूस सूरेतली ६२वी आयत सांगते, की अल्लाहच्या औलियांना भय नसतं आणि दुःखही नसतं. सूफींनी ईश्वराच्या निकट पोचलेल्यांना हेच नाव दिलं. १३२५ साली दिल्लीत निवर्तलेल्या हजरत निजामुद्दीनांच्या नावापुढे ‘औलिया’ आदराने लागलं ते कायमचंच. आपला ‘वाली’ (‘त्याला कुणी वाली नाही’ मधला) याच धातूतला. ‘विलायत’ही त्यातलाच : सूफींकडे त्याचा अर्थ संतपद, राजदरबारी सत्ता नि मुलूख, आणि आपल्याकडे थेट विलायती चिंच!

अरबी अनेकवचनं मराठीत एकवचनी होऊन नांदतात, हे नवं नाही. उमराव हे ‘अमीर’चं अनेकवचन. अहवाल हे ‘हाल’चं, आणि हा ‘हाल’ सूफींचा अगदी जिव्हाळ्याचा शब्द : साधकावर कृपेने अचानक उतरणारी आणि तशीच ओसरणारी भावावस्था. पंचायतीच्या वार्षिक अहवालाचं असं गोत्र आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग विक्षिप्तपणा आला कुठून? सूफी परंपरेत ‘मज्जूब’ म्हणून एक वर्ग आहे. ईश्वराने असा ओढून घेतलेला, की कपड्यालत्त्याचं, लोकरीतीचं भान सुटलेला. लोकांच्या डोळ्यांत भरणारा संत हाच. माझ्या मते त्याच्या वागण्याची छटा मराठीत ‘अवलिया’ला चिकटली. आपल्या संतांच्या भाषेतला ‘देवपिसा’ याच्या अगदी जवळचा.

तरी टोमणा म्हणून हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. गावात कुणी भलतंच वागला तर आपण त्याला ‘पिसो’ म्हणतो, अवलिया नव्हे. अवलिया म्हणताना त्या माणसाच्या धुंदीबद्दल आदर असतो. मानपान, पैसा यांची त्याला फिकीर नव्हती, हे त्यात मान्य केलेलं असतं. नाटकापायी घरदार विसरलेल्या कलावंताला तो शोभतोच. नुसत्या गबाळ्या किंवा तऱ्हेवाईक माणसाला मात्र तो लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता व्याकरण. मराठीत ‘एक अवलिया, दोन अवलिये’ हेच चालतं आणि ते शुद्धच आहे. काकांच्या घरी बोलताना मात्र एकासाठी ‘वली’ म्हणावं.