कोच मोठा की क्वार्टरबॅक? तुझ्या मसुद्याच्या निमित्ताने

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या ओहायो स्टेट-मिशिगन लढतीत कोच मोठा की क्वार्टरबॅक (मैदानावर चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू), यावरचा तुझा मसुदा वाचून झाला. सगळ्यात आधी शेवटच्या परिच्छेदातलं ‘क्वार्टरबॅकचा वाटा साठ टक्के, कोचचा चाळीस’ हे वाक्य खोडून टाक. इंटर्नशिपच्या मुलाखतीत समोरच्याने ‘साठच का, पंचावन्न का नाही?’ एवढं जरी विचारलं तरी तुझी पंचाईत होईल. ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचे संघ १८९७ पासून एकमेकांशी खेळत आले आहेत, पण वर्षातून एकदाच. कोचच्या कारकिर्दीत असे दहा-बारा सामने येतात, क्वार्टरबॅकच्या वाट्याला दोन-तीन. जन्मभर विमा कंपनीत जोखमीची गणितं मांडलेल्या बाईला एवढ्या मोजक्या सामन्यांवरून काढलेली टक्केवारी बघवत नाही.

माझं मत विचारलं होतंस, तर सांगते: या लढतीत कोच मोठा. पण तू त्याला जे चाळीस टक्के दिलेस ते हाफटाइमच्या भाषणासाठी, साइडलाइनवरच्या आरडाओरड्यासाठी आणि टाइमआउट नेमका कधी घेतला यासाठी. माझ्या हिशेबात या तिन्हींची किंमत फार थोडी आहे.

आपण क्रिकेटवर वाढलो. तिथे क्षेत्ररक्षण लावणं, गोलंदाज बदलणं कप्तानाच्या हातात, आणि कोच पॅव्हेलियनमध्ये. म्हणून आपल्याकडून आलेल्या माणसाला क्वार्टरबॅक म्हणजे कप्तान वाटतो. इथे मात्र बहुतेक चाली बाहेरूनच ठरून येतात. एक चाल संपली की चाळीस सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. २०२४ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज पोचवायला परवानगी मिळाली, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅकचं: समोरचा बचाव कसा उभा आहे ते वाचायचं, चाल बदलायची का ते ठरवायचं, स्नॅप, म्हणजे मधल्या खेळाडूने मागे दिलेला चेंडू, घ्यायचा आणि मग दोन-तीन सेकंदांत चेंडूचं काय करायचं याचा निर्णय करायचा. कोच कुठे थांबतो आणि क्वार्टरबॅक कुठे सुरू होतो, हे घड्याळात दाखवता येतं. तुझ्या लेखात ही गोष्ट कुठेच नाही. ती अगदी सुरुवातीला घाल, म्हणजे खेळ न कळणाराही पुढे वाचेल.

हेल्मेटमधला आवाज येण्याआधी चाली हातांच्या खुणांनी आणि चित्रांच्या फलकांनी पाठवत असत. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या संघटनेने मिशिगनचा कोच जिम हार्बॉ याला नियमित हंगामाच्या शेवटच्या तीन सामन्यांत मैदानाबाहेर ठेवलं. त्यातला तिसरा सामना ओहायो स्टेटशी होता. हार्बॉच्या जागी त्याचा सहायक शेरोन मूर उभा राहिला आणि मिशिगनने ३०–२४ असा विजय मिळवला. यावरून ‘कोचवाचून अडत नाही’ असा निष्कर्ष तू काढलास. पण ती बंदी फक्त सामन्याच्या दिवसापुरती होती. आठवडाभराचा सराव हार्बॉनेच घेतला होता, मैदानावरचा एकेक पोरगा त्यानेच आणला होता. मला या सामन्यात दिसतं ते इतकंच की शनिवारी साइडलाइनवर उभं राहणं हा कोचच्या कामाचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. महागडा भाग उरलेल्या दिवसांत होऊन गेलेला असतो.

तो भाग म्हणजे माणसं जमवणं. त्यातही क्वार्टरबॅकपेक्षा त्याच्यापुढे उभी राहणारी पाच धिप्पाड पोरं, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांची नावं टीव्हीवर फारशी ऐकू येत नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०२१ चा सामना बघ. ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडने पास फेकून ३९४ यार्ड मिळवले आणि संघ ४२–२७ असा हरला. मिशिगन २९७ यार्ड नुसतं पळालं. हसन हॅस्किन्स या रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याने, एकट्याने पाच टचडाउन केले (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन). त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला मिळणारा ‘जो मूर’ नावाचा पुरस्कार मिशिगनने नेला. स्ट्राउड पुढच्या वर्षी घरच्या मैदानावर पुन्हा ३४९ यार्ड पास करून ४५–२३ असा हरला. अमेरिकेतल्या उत्तम क्वार्टरबॅकांपैकी एक, आणि मिशिगनविरुद्ध त्याच्या नावावर एकही विजय नाही. मात्र २०२२ च्या त्या सामन्यात मिशिगनच्या जे. जे. मॅकार्थीचेही ६९ आणि ७५ यार्डांचे दोन टचडाउन पास होते, तेव्हा ‘नुसत्या लाइनने जिंकले’ असं लिहिशील तर अ‍ॅन आर्बरची, म्हणजे मिशिगनच्या गावची, माणसं तुला सोडणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता २०२४. यावर तू चार ओळी लिहिल्यास, मला दोन पानं हवी आहेत. मिशिगन क्रमवारीतही नव्हतं. ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावर, सामना ओहायो स्टेटच्या गावी, कॉलंबसमध्ये, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या त्या लाखभर माणसांच्या स्टेडियममध्ये. मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन याने अख्ख्या सामन्यात ६२ यार्ड पास केले आणि दोन वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. तरी मिशिगन १३–१० असं जिंकलं. क्वार्टरबॅक निर्णायक असतो म्हणणाऱ्याने आधी या सामन्याचं उत्तर द्यावं. पण कोचवाल्यांनाही इथे आरामात बसता येत नाही. तोच कोच रायन डे, तोच क्वार्टरबॅक विल हॉवर्ड, आणि त्याच ओहायो स्टेटने त्यानंतर टेनेसी, ऑरेगन, टेक्सस आणि नोट्र डेम यांना ओळीने हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. दोघंही तेच असताना काय बदललं? मिशिगनविरुद्ध दुखापतींनी खिळखिळ्या झालेल्या लाइनच्या भरवशावर ते मैदानाच्या मधल्या भागातूनच पळत राहिले, दोन फील्ड गोल (लाथेने मारायचे गोल) हुकले, आणि तीन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध सुरुवातीपासूनच चेंडू हवेत खेळवला. बदलला तो बेत, आणि बेत आखणं हे कोच आणि त्याच्या सहायकांचं काम. माझ्या मताला हा सामना आधारही देतो आणि डेची लाजही काढतो. दोन्ही लिही.

कोचला काढून टाकावं की नाही, हा भाग तू भावनेच्या भरात लिहिला आहेस. तिथे साधं गणित कर. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ धर, म्हणजे प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा. ओहायो स्टेटचा कोच जॉन कूपर १९८८ ते २००० या काळात मिशिगनविरुद्ध दोन जिंकला, दहा हरला, एक बरोबरीत सुटला. बारा निकाली सामन्यांत दोन किंवा त्याहून कमी विजय निव्वळ नशिबाने पदरी पडण्याची शक्यता सुमारे दोन टक्के. शिवाय त्याचे संघ बऱ्याचदा वरचढ मानले जात होते. १९९५ आणि १९९६ मध्ये तर अपराजित असताना हरले. म्हणजे काहीतरी गडबड होती, एवढं म्हणायला जागा आहे. डेचं २०२४ पर्यंतचं खातं एक विजय, चार पराभव. पाचांत एक किंवा शून्य विजयाची शक्यता जवळजवळ एकोणीस टक्के. एवढ्यावरून कुणाची नोकरी घालवणं म्हणजे पावसाळ्यात पाऊस पडला म्हणून हवामान खात्यावर खटला भरणं. आणि हार्बॉ? पहिले पाचही सामने हरला, शक्यता तीन टक्के. विद्यापीठाने त्याचा पगार कापला पण त्याला ठेवलं. पुढचे तीन सामने मिशिगनचे झाले आणि २०२३ च्या हंगामात पंधरापैकी पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपदही. पाच वेळा हरूनही सहाव्यांदा उभं राहायची संधी कोचलाच मिळते. क्वार्टरबॅक तोवर पदवी घेऊन निघून गेलेला असतो. (गंमत म्हणजे हाच हार्बॉ १९८६ मध्ये मिशिगनचा क्वार्टरबॅक असताना जिंकण्याची जाहीर हमी देऊन बसला होता आणि २६–२४ असा जिंकलाही. तुझ्या दोन्ही रकान्यांत त्याचं नाव येणार आहे.)

आता माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावाही तुलाच मांडावा लागेल. तो या लढतीत नाही, अलाबामात आहे. २०१० मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या घरच्या मैदानावर त्याच राज्यातलं ऑबर्न ०–२४ असं मागे पडलं होतं आणि २८–२७ असं जिंकलं. ऑबर्नचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याने तीन टचडाउन पास दिले आणि एक स्वतः पळत केला. समोर निक सेबन होता, त्या काळातला सर्वांत मोठा कोच. ऑबर्न त्या वर्षी एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतं झालं. न्यूटन एकच हंगाम खेळून एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेला. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच जीन चिझिक या कोचच्या हाताखाली ऑबर्नने बारापैकी तीन सामने जिंकले, अलाबामाकडून ४९–० असा मार खाल्ला आणि चिझिकची नोकरी गेली. सेबनने मात्र २००९, २०११, २०१२ आणि २०१५ ची अजिंक्यपदं तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांना घेऊन मिळवली. म्हणजे असामान्य क्वार्टरबॅक एखाद्या वर्षी सगळे हिशेब उधळून लावतो, हे खरं. पण असा पोरगा तुला मसुद्यात तीन ठिकाणी सापडला आहे आणि मला तिन्ही ठिकाणी तो फक्त चांगला खेळाडू वाटला.

टॉम ब्रॅडीबद्दलचा परिच्छेद काढ. मिशिगनचा हा क्वार्टरबॅक पुढे एनएफएलमध्ये कोण झाला हे माहीत असल्यामुळे तू मागचं वाचतो आहेस. १९९८ मध्ये कॉलंबसला त्याने ५६ पास टाकले, ३७५ यार्ड काढले आणि मिशिगन १६–३१ असं हरलं. पुढच्या वर्षी २४–१७ असं जिंकलं. तेव्हाच्या प्रेक्षकांसाठी तो बरा क्वार्टरबॅक होता, इतकंच. त्याच्या जागी १९७३ घे. मिशिगनचा कोच बो शेंबेक्लर हा ओहायो स्टेटचा कोच वुडी हेज याचाच शिष्य, आणि दोघांच्या त्या प्रसिद्ध दहा वर्षांतला हा सामना १०–१० असा बरोबरीत सुटला. ‘रोज बोल’ या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याला कोण जाणार हे बिग टेनच्या क्रीडा संचालकांच्या मतदानावर ठरलं आणि मतं ओहायो स्टेटला पडली. मिशिगनचा क्वार्टरबॅक डेनिस फ्रँकलिन याचं गळपट्टीचं हाड सामन्यात मोडलं होतं, आणि मतं फिरली ती त्यामुळेच असं शेंबेक्लरसह सगळे मानत आले. क्वार्टरबॅकचं वजन दाखवायला मोडलेल्या हाडापेक्षा चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

एक खरी अडचण राहते, आणि मुलाखतीत तीच विचारतील. क्वार्टरबॅकला आणतो कोण? कोच. मग क्वार्टरबॅकचं श्रेय कोचच्या खात्यात धरायचं की वेगळं? २०२५ मध्ये ओहायो स्टेटकडून खेळलेला क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन आधी अलाबामात दाखल झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये सेबन निवृत्त झाला आणि पोरगा कॉलंबसला आला. एका कोचच्या निवृत्तीने दुसऱ्याला क्वार्टरबॅक मिळाला, हे तू कोणत्या रकान्यात मांडशील? ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक कायल मॅकॉर्ड २०२३ चा मिशिगनचा सामना हरून सिरॅक्यूजला गेला आणि पुढच्या हंगामात देशात सर्वाधिक पासिंग यार्ड त्याचेच होते. म्हणून ज्या वर्षी दोघांपैकी एकच बदलला, अशी वर्षं वेगळी काढ. शिवाय २०२१ च्या आधीचा आणि नंतरचा काळ एकाच तक्त्यात घालू नकोस. त्या वर्षापासून खेळाडूंना एक हंगाम न गमावता विद्यापीठ बदलता येऊ लागलं आणि नावाचे, जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले; जुलै २०२५ पासून तर विद्यापीठंच थेट पैसे देताहेत. चार वर्षं घडवलेला क्वार्टरबॅक आणि एका हंगामासाठी आणलेला क्वार्टरबॅक हे दोन निराळे प्राणी आहेत. यापुढे कोचचा जोर घडवण्यापेक्षा निवडण्यावर राहील असं मला वाटतं, पण त्याला अजून पुरेशी वर्षं झालेली नाहीत, म्हणून ते माझं मत म्हणूनच धर.

किरकोळ: २०२० चा सामना कोविडमुळे झालाच नाही, तुझ्या तक्त्यात तिथे शून्य आहे, ते रिकामं ठेव. ओहायो स्टेटचा कोच जिम ट्रेसेल याचा २०१० चा विजय नंतर रद्द ठरवला गेला, त्यामुळे कुठे नऊ विजय दिसतील, कुठे आठ. तू कोणते धरलेस ते तळटीपेत सांग. २०१६ च्या दुसऱ्या ओव्हरटाइममधला चेंडू रेषेपर्यंत पोचला होता की नाही या वादात पडू नकोस, त्यातून आजवर कुणी बाहेर आलेलं नाही. आणि मिशिगनचं नाव न घेता ‘उत्तरेकडचा तो संघ’ असं लिहिणं आमच्या गावात शोभतं, नोकरीच्या अर्जात नाही.

नवा मसुदा शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठव, शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचून काढते. दुपारी बाराला सामना सुरू होतो, त्यानंतर संध्याकाळपर्यंत फोन केलास तरी मी उचलणार नाही.

तुझी,
मावशी