डबल मार्कर हाय रिस्क आलाय, ऍम्नियो केली तर गर्भ पडतो का?

पडू शकतो, पण तुमच्या आईंना वाटतं तितक्या सहज नाही. बायको ३६ वर्षांची, डबल मार्कर या रक्ततपासणीत बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता जास्त आलीय, डॉक्टर ऍम्नियो म्हणजे गर्भाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासायला सांगतायत आणि आई म्हणतात, "सुई घातली की गर्भ जातो." हेच वाक्य सोलापुरात माझ्या चुलत सासूबाई आजही चारचौघांत म्हणतात, म्हणून लिहायला बसले.

माझी ऍम्नियो पुण्यात झाली. सोलापुरातून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलो. सोनोग्राफीत बघत डॉक्टरांनी बारीक सुई घातली, थोडं पाणी काढलं, काही मिनिटांत झालं. पाळीत दुखतं तेवढं दुखलं. पुढे काही आठवड्यांनी बाळाचे ठोके थांबले. मी अजून अंथरुणातच होते, तेव्हा चुलत सासूबाई उशाशी बसून म्हणाल्या, "टोचून घेतलंस म्हणूनच गेलं की गं." मग तेच शेजारी, तेच गड्ड्याच्या यात्रेत भेटलेल्या पाहुण्यांना. सविस्तर रिपोर्ट नंतर आला: ट्रायसोमी १८, म्हणजे बाळात १८ नंबरचं गुणसूत्र एक जास्तीचं. अशी बरीच बाळं सुई न लावताही जन्मापर्यंत पोचत नाहीत. रिपोर्ट मी सगळ्यांसमोर वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "कागदाला काय कळतंय?" मला बाळ गेल्याचं दुःख करायचं होतं, आणि मला उत्तरं द्यायला लावली. ते मी विसरलेले नाही.

आईंना हे सांगा. १९८६ साली डेन्मार्कमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमी जोखमीच्या बायका चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या होत्या. ज्यांची ऍम्नियो झाली त्यांच्यात १.७ टक्के गर्भ गेले आणि ज्यांची झाली नाही त्यांच्यातही ०.७ टक्के गेलेच. सुईच्या माथी मारायचा तो मधला १ टक्का. हल्लीच्या एकत्रित अभ्यासांत तो आणखी कमी, हजारी १ ते ३ च्या आसपास निघतो. सुईनंतर गेलेला प्रत्येक गर्भ सुईनेच गेला असं म्हणणं चूक आहे, कारण सुई लागते तीच मुळात शंका असलेल्या गर्भाला.

एनआयपीटी नावाची तपासणी गर्भवतीच्या रक्तावर होते, गर्भाला धोका नाही. पण ती चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी सुई लागतेच. मी पुढच्या खेपेला सरळ ऍम्नियोच केली. मुलगी आता शाळेत जाते.

हो, जुळं असेल तर धोका जास्त, तेव्हा हे आकडे धरू नका. १५ आठवड्यांच्या आत ऍम्नियो करू नका. बायकोचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन आधीच विचारून ठेवा. नंतर पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका. ज्यांचा हात रोज या कामात असतो अशांकडेच जा, मग पुण्याला जावं लागलं तरी चालेल.

आणि एक. कायद्याने लेखी संमती गर्भवतीची लागते, तीही तिला समजणाऱ्या भाषेत सगळं सांगून. सासूची लागत नाही, चुलत सासूची तर नाहीच. तुमच्या प्रश्नात आई काय म्हणतात ते आहे, डॉक्टर काय म्हणतात ते आहे. बायकोला काय हवंय ते कुठेच नाही. आज रात्री तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तरी ते ऐका.