परदेशात राहून दत्तक घेताना मुलगा-मुलगी आणि देश निवडता येतो का?

ताई, तुम्ही मूळच्या बीडच्या, आता अमेरिकेत. मुलगीच हवी आहे, पण सासरकडून मुलाचा आग्रह आहे, आणि मूल भारतातूनच घ्यावं की दुसऱ्या देशातून हेही ठरत नाही, असं तुम्ही विचारलंय.

निवडता येतं. 'कारा'कडे, म्हणजे भारत सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी करताना मुलगा की मुलगी ही पसंती देता येते. मात्र एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. अर्ज अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करायचा. प्राधान्यक्रमात अनिवासी भारतीयांना इथल्या भारतीयांच्या बरोबरीनेच धरतात, म्हणून तुमच्यासाठी भारत हाच सरळ मार्ग. गावाकडच्या नातेवाइकाचं मूल नुसतं दत्तकपत्र करून नेऊ, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, व्हिसाला अडाल.

दुसऱ्या देशाचं दार कधी बंद होईल सांगता येत नाही. चीनने 2024 मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ थांबवलंच. आधी तो देश 1993 च्या हेग करारात, म्हणजे देशादेशांमधल्या दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे का ते पाहा. भारत 2003 पासून आहे, अमेरिकाही आहे.

आता आग्रहाचं. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे फक्त 807 मुली होत्या. हा आग्रह कुठून येतो हे तुम्हाला मी काय सांगावं! पण पसंतीच्या रकान्यात तुम्हा दोघांचंच मत लिहा. सासरच्यांचं मन वळायची वाट बघत अर्ज लांबवू नका, कारण आईवडिलांच्या वयावरूनच मुलाचा वयोगट ठरतो.