हिंसा सोसलेल्या बायकांबरोबर काम करून आपणच आतून कोरडे होतो का?

तुम्ही एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहात आणि या कामाची भीती वाटते म्हणता. मी अकरा वर्षं एका सरकारी रुग्णालयात महिला समुपदेशक आहे. भीती खरी आहे. पहिली दोन वर्षं घरी गॅस पेटवला की मला जळीत वॉर्डाचा वास यायचा, आणि कुणी दार जोरात आपटलं तरी दचकायचे. सतत असं ऐकून ऐकणाऱ्याचाही जगावरचा विश्वास डळमळतो, हे मॅकॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच मांडलं होतं.

पण अजून एक गोष्ट घडते, ती मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती. एक बाई दीड वर्षात सात वेळा आमच्या समुपदेशन केंद्रात आली आणि सातही वेळा नवऱ्याकडे परत गेली. मी मनातून चिडायचे. एवढं समजावलं, तरी गेलीच! आठव्या वेळी तिने पिशवीतून रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलीचा शाळेचा दाखला आणि रुमालात बांधलेले पैसे काढले. सगळं शेजारणीच्या तांदळाच्या डब्यात एकेक करून साठवलेलं. मी जिला खचलेली समजत होते, ती दीड वर्ष तयारी करत होती. वर मलाच विचारते, "ताई, तुम्ही जेवलात का?"

त्यानंतर माझी घाई गेली. घरीसुद्धा. दहावीत नापास झालेल्या भाच्याला उपदेश न करता त्याच्याशेजारी नुसती बसू शकले.

कोलंबियातल्या बोगोटामध्ये राजकीय हिंसेतून वाचलेल्यांवर उपचार करणाऱ्या थेरपिस्टांशी बोलून काही संशोधकांनी २००७ मध्ये हेच नोंदवलं: समोरच्याची तग धरण्याची ताकद आपल्यातही उतरते. वाचताना मला तो तांदळाचा डबा आठवला.

मात्र हे आपोआप होत नाही. आमच्या एक ज्येष्ठ ताई दर गुरुवारी केस पुन्हा सांगायला लावायच्या, "तिने स्वतः काय केलं ते सांग" म्हणायच्या. त्या नसत्या तर तो डबा माझ्या रजिस्टरात एका ओळीत संपला असता. म्हणून "या कामाने तुम्ही खंबीर झालात" असं म्हणून कुणी रजा नाकारली की मला फार राग येतो. दिवसाला बारा केसेस घेतल्या तर कुणाची ताकद दिसणार?

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर हेही विचारा: आठवड्याला माझ्या केसेस कोण ऐकणार? उत्तर मिळालं नाही, तर दुसरी जागा बघा.