सायकलला उजेड कशाला लागतो?

ताई, नमस्कार.

माझं वय ५१. गोरेगाव पूर्वेला वन बीएचकेमध्ये आम्ही दोघं आणि मुलगी राहतो. दोन वर्षांपूर्वी बीपी निघालं, डॉक्टर म्हणाले रोज चाला. चालायचा मला कंटाळा, म्हणून सायकल घेतली. शाळेनंतर पहिल्यांदाच. आता रोज पहाटे साडेपाचला आरेत जातो. चेकनाका ओलांडला की हवाच बदलते. गारवा लागतो, गवताचा आणि तबेल्यांचा वास येतो. चढावर धाप लागते, मग उतार येतो, पाय थांबतात आणि मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येते. त्या दहा मिनिटांत मला ऑफिस नसतं, ईएमआय नसतो, वयही नसतं. परत आलो की दिवसभर कुणावर चिडत नाही.

अडचण बायकोची आहे. ती ‘जा’ म्हणत नाही आणि ‘जाऊ नका’ही म्हणत नाही. मी परत येऊन उत्साहानं काही सांगायला लागलो की उठून स्वयंपाकघरात जाते. खर्चाचं म्हणावं तर तोही नाही, चेनला घरातलंच मशीनचं तेल घालतो. खाली पार्किंगमधून दोनदा सीट चोरीला गेली, म्हणून सायकल वर हॉलमध्ये खिडकीशी ठेवतो. तिथे तिची शिलाई मशीन होती. तिचं डोकं काढून माळ्यावर ठेवलं आणि स्टँड टेरेसवर. तसंही ती हल्ली फारसं शिवत नाही. तिला कुठलाच छंद नाही, हेच मूळ दुखणं आहे असं मला वाटतं.

डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. तिला एक लेडीज सायकल भेट द्यावी आणि बरोबर न्यावं, म्हणजे हा आनंद तिलाही कळेल, असा विचार आहे. तिला तयार कसं करू?

— एक सायकलवाला, गोरेगाव


सायकलवाले,

तुमचं अर्धं पत्र वाचेपर्यंत मी तुमच्या कॅरिअरवर बसले होते. मीही पन्नाशीच्या अलीकडे पुन्हा सायकल हातात धरली. रविवारी नॅशनल पार्कात भाड्यानं घेते. चढ लागला की निम्म्या वेळा उतरून ढकलत नेते, आणि मागून येणारी कॉलेजची मुलं ‘आंटी, कम ऑन’ म्हणून पुढे जातात, तेव्हा त्यांना मनातल्या मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा उतारावरच्या त्या टिकटिकीबद्दल मला समजावायला नको. ती फ्रीव्हीलची टिकटिक. पाय थांबले तरी चाक चालूच राहतं. दिवसभर ज्याला पाय थांबवायची सोय नाही, त्याला तेवढ्यानंही भरून येतं. तुमचं बीपी त्या उतारानं उतरलं असणार यावर माझा विश्वास आहे.

मग ते वाक्य आलं. ‘तिचं डोकं काढून माळ्यावर ठेवलं.’ मशीनचं म्हणताय, कळलं मला. तरी मी कॅरिअरवरून उतरले.

‘तसंही ती हल्ली फारसं शिवत नाही.’ हल्ली म्हणजे कधीपासून? आधी शिवणं सुटलं आणि मग मशीन वर गेली, की मशीन वर गेली म्हणून शिवणं सुटलं? आरेतला गारवा कुठल्या वळणावर लागतो ते तुम्हाला नेमकं सांगता येतं. हे मात्र सांगता आलेलं नाही. माळ्यावरच्या मशीनवर माणूस शिवणार तरी कसं, शिडीवर बसून?

आणि मशीन खिडकीशीच का होती, हे कधी मनात आलं? सुईत दोरा ओवायला उजेड लागतो. काळ्या कापडावर काळी टीप मारायची तर भर दुपारचा उजेडसुद्धा अपुरा पडतो, आणि चष्मा लागल्यावर तर विचारूच नका. वन बीएचकेमध्ये तसा उजेड येऊन येऊन एका जागी येतो. ती जागा तिनं शोधली असणार, बहुधा नवीन नवरी असतानाच. तिथे तुम्ही सायकल लावलीत. सायकलला उजेड कशाला लागतो? तुमची ही बया रोज तास-दीड तास आरेत फिरते आणि उरलेला दिवस घरातल्या सगळ्यात चांगल्या जागेवर उभी राहून ऊन खाते. ऊन रबराला वाईट, टायर तडकतात. म्हणजे त्या जागेचा फायदा सायकलीलाही नाही.

आता तुम्हाला आरेत जे सापडतं ते जरा सुटं करून बघू. पाय एका लयीत चालतात. दोन्ही हात हँडलला, त्यामुळे फोन घेता येत नाही. नजर समोरच्या चार हात रस्त्यावर. डोक्यात त्याहून जास्त काही मावत नाही, आणि म्हणून डोकं शांत होतं. पायमशीनवर बसलेली बाई तुम्ही कधी नीट बघितलीत? आवाज ऐकला असेल, ‘जरा थांब गं, बातम्या ऐकू येत नाहीत’ असंही म्हणाला असाल. पाय एका लयीत. दोन्ही हात कापडावर, फोन वाजला तर वाजू दे. नजर सुईच्या टोकाशी. कुणी हाक मारली तर ‘ही टीप होऊ दे’ म्हणायची सोय. पायडल तिच्याही पायाखाली होतं, सायकलवाले. ते तुम्ही टेरेसवर नेऊन ठेवलंत आणि वर मला लिहिता की तिला छंद नाही.

सायकल आणि शिलाई मशीन या सख्ख्या बहिणी आहेत, हे मी लाडात येऊन म्हणत नाही. इंग्लंडात कव्हेंट्रीला शिलाई मशीन बनवणारी एक कंपनी होती. बारीक लोखंडकामाचा हात बसलेला, म्हणून तिनं सायकली बनवायला घेतल्या आणि १८६९ मध्ये नावातलं शिवणकाम काढूनच टाकलं. जर्मनीतल्या ओपेलचंही तेच. १८६२ ला सुरुवात शिलाई मशीनपासून, सायकल आली १८८६ ला, आणि मोटारी पार १८९९ मध्ये. तेव्हा सायकलीपायी शिलाई मशीन बाजूला सारणारे तुम्ही काही पहिले नव्हेत. पण त्यांनी ते आपापल्या कारखान्यात केलं, बायकोच्या खिडकीत नाही.

लेडीज सायकल आणू नका. ठेवणार कुठे? आता काय, देवघर हलवणार? ‘तिला तयार कसं करू’ याचं उत्तर, करू नका. तुमचा आनंद तिला कळत नाही असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, चांगला कळतो. रोज सकाळी तो घामेजून घरी येतो आणि तिच्या जागेवर टेकून उभा राहतो. त्याचं वर्णन ऐकायला ती थांबत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

या रविवारी आरे नाही. टेरेसवर जायचं. स्टँड बिडाचा असतो, दोन पावसाळ्यांत गंजला असणार. पॉलिश पेपरनं घासा, पायडल जिथे झुलतं त्या दोन्ही टोकांना तेल द्या, मोकळं झालं की नाही ते हातानं हलवून बघा. खाली आणायला दोन माणसं लागतील. वॉचमनला शंभर रुपये द्या, तिला हाक मारू नका. माळ्यावरचं डोकं स्वतः उतरवा, जड असतं, कंबर सांभाळून. पट्टा नवा घ्या, मशीन दुरुस्तीवाल्याकडे मिळतो आणि तो बसवूनही देतो. मशीन खिडकीशी, होती तशी, जिकडे तोंड करून होती तिकडेच तोंड करून. कुठे होती ते आठवत नसेल तर फरशीवर पायांच्या खुणा असतील.

सायकल बेडरूममध्ये, पलंगाच्या तुमच्या बाजूला. रात्री उठताना पायडल नडगीला लागेल. लागू दे. भिंतीवर टांगायची असेल तर खुशाल टांगा, पण तुमच्या उशाशी.

आणि या सगळ्यात भाषण नको. ‘तुझ्यासाठी केलं बघ’ हे तर नकोच. बायकोनं लगेच बसून मुलीचा ड्रेस शिवायला घ्यावा अशीही वाट बघू नका. दोन वर्षं बंद पडलेल्या मशीनला नीट टीप यायला वेळ लागतो, बाईलाही. कदाचित ती तिथे नुसती बसेल. मटार सोलेल. खाली रस्त्याकडे बघत राहील. तुम्ही पायडल न मारता आरेचा उतार उतरता तेव्हा कुणी विचारतं का, की यातून निघालं काय?

सोमवारपासून पुन्हा खुशाल जा. फक्त साडेपाचला नको, उजाडल्यावर. आरेत बिबटे आहेत आणि अंधारात तो रस्ता त्यांचा असतो.

आणि चेनसाठी सायकलच्या दुकानातून चेनचं तेल आणा. मशीनचं तेल फार पातळ, एका पावसात धुऊन जातं. चेन करकरत असेल, ऐका नीट. ती छोटी बाटली तिच्या मशीनच्या खणात परत ठेवा. संपली असेल तर नवी आणून ठेवा.