‘आज मी काय शिकलो’ ही वही चालू ठेवावी का? आठवीच्या वर्गासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवीला गणित शिकवणाऱ्या ताईंनी मुलांना रोज शेवटच्या तासाला ‘आज मी काय शिकलो’ ही वही लिहायला लावली. वर्गात ४५ मुलं. थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या वहीत एकच मजकूर दिसू लागला : ‘आज बाईंनी समीकरणे शिकवली. मला छान समजले.’ चाचणीत मात्र त्याच मुलांना समीकरण सुटलं नाही. आता वही चालू ठेवावी का, आणि कन्नडच्या तासालाही हे करता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, रोजची वही बंद करा. आपल्या शिकण्याकडे बघायची सवय मात्र सोडू नका. ती दुसऱ्या वाटेने लावावी लागेल.

मुलं खोटं लिहीत नाहीत. तास संपताना त्यांना खरंच समजल्यासारखं वाटतं, कारण फळ्यावरचं उदाहरण अजून डोळ्यांसमोर असतं. नेल्सन आणि डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं : शिकल्या शिकल्या ‘हे मला आठवेल का’ असं विचारलं तर माणसाचा अंदाज चुकतो, आणि थोडा वेळ जाऊ देऊन विचारलं तर तोच अंदाज बराच बरोबर येतो. रोडिजर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगातही हेच दिसतं. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर आपल्याला जास्त आठवेल असं वाटत होतं; प्रत्यक्षात न बघता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवलं. म्हणून पहिला बदल वेळेचा. प्रश्न आजच्या तासाच्या शेवटी विचारू नका, उद्याच्या तासाच्या सुरुवातीला विचारा, आणि तोही वही मिटून.

दुसरा बदल प्रश्नाचा. ‘काय शिकलो’ याचं उत्तर धड्याचं नाव सांगूनही भागतं. प्रश्न एखाद्या ठरावीक कामावर हवा आणि त्याला ताडून बघता येईल असं उत्तर हवं. फळ्यावर एकच उदाहरण द्या : ५क्ष − ३(क्ष − २) = १४. सोडवायच्या आधी मुलांनी समासात एक खूण करायची : नक्की येईल (बरोबरची खूण), येईल असं वाटतं (अर्धी खूण), येणार नाही (फुली). मग चार मिनिटं सोडवायचं. नंतर आलेली किंमत मूळ समीकरणात घालून ताळा बघायचा. ज्यांनी कंस सोडताना +६ ऐवजी −६ केलं, त्यांचं उत्तर १० येतं, आणि ताळ्यात डावी बाजू २६ होते. ४ आलेल्यांचा ताळा १४ ला बरोबर बसतो. म्हणजे बाईंनी चूक दाखवायच्या आधीच मुलाला दिसलं, की बरोबरची खूण केली होती आणि ताळा मात्र बसला नाही. यानंतर एकच ओळ लिहायची : ‘मला वाटलं होतं …, पण … इथे अडलं.’

एवढ्याला आठ मिनिटं पुरतात. आठवड्यातून दोनदा करा, रोज नको. रोज केलं की त्याचं पुन्हा पाठ केलेलं वाक्य होतं.

तरीही पहिले दोन आठवडे मुलं ‘इथे अडलं’ च्या जागी ‘समीकरण’ असंच लिहितील. अडलेली जागा नेमकी कशी दाखवायची, हे त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं. म्हणून आधी तुम्ही फळ्यावर एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवा, आणि त्यात स्वतःला विचारून दाखवा : ‘कंसाबाहेर उणे आहे. आतल्या दोन्ही पदांना गुणलं का मी? दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं का? थांब, ताळा बघू.’ नंतर दोन नमुने शेजारी शेजारी लिहा. एक : ‘मला समीकरणे कठीण जातात, मी जास्त अभ्यास करीन.’ दुसरा : ‘कंस सोडेपर्यंत येतं. कंसाबाहेर उणे असलं की आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायचं राहतं.’ कोणत्या नमुन्यावरून शेजारच्याला मदत करता येईल, हे मुलांना ठरवू द्या. नमुने तुम्हीच बनवा. वर्गातल्या कुणाची वही यासाठी वाचून दाखवू नका, नाव झाकूनही नको. ४५ च्या वर्गात अक्षर लगेच ओळखलं जातं.

भाषेचं बंधन इथे अजिबात नको. ‘इथंवर येतंय, हितनं पुढं कळंना’ असं एखाद्याने लिहिलं तर ते उत्तम आहे, कारण त्यात जागा दाखवलेली आहे. त्याचं शुद्धलेखन तपासायला घेतलंत तर पुढच्या वेळी तो पुस्तकी वाक्याच्या मागे लपेल.

चाचणीनंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक शाळांत होत नाही. पेपर हातात पडला की मूल गुण बघतं, शेजारच्याचे गुण बघतं आणि पेपर दप्तरात जातो. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला, त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना शेऱ्याबरोबर गुणही मिळाले, त्यांचं सुधारलं नाही. म्हणून पेपर तपासताना चुकलेल्या ओळीसमोर फक्त टिंब द्या आणि गुण आपल्याकडच्या यादीत लिहा. पेपर परत द्या, गुण दुसऱ्या दिवशी सांगा. मुलं आणि पालक कुरकुर करतील. एक दिवसाचाच प्रश्न आहे, असं आधी सांगून ठेवा.

२० गुणांच्या चाचणीत मुलांनी पेपर देण्याआधीच कोपऱ्यात अंदाज लिहिलेला असावा : मला किती पडतील. पेपर परत आला की प्रत्येक टिंबासमोर एक अक्षर लिहायचं. ‘न’ म्हणजे हे मला माहीतच नव्हतं. ‘आ’ म्हणजे माहीत होतं, त्या वेळी आठवलं नाही. ‘प्र’ म्हणजे प्रश्न काय विचारतोय तेच कळलं नाही. ‘घ’ म्हणजे घाई झाली. अक्षरं चारच ठेवा. सात-आठ केली तर मुलं चूक शोधायचं सोडून अक्षर शोधत बसतात.

यातलं ‘घ’ फार फसवं आहे. पहिल्या वेळी निम्म्याहून जास्त टिंबांसमोर ‘घ’ दिसेल, कारण घाई झाली म्हटलं की लाज वाटत नाही. त्यावर एकच उपाय आहे. जिथे ‘घ’ लिहिलंय तिथे त्याच प्रकारचं, आकडे बदललेलं उदाहरण दुसऱ्या दिवशी पुरेसा वेळ देऊन सोडवायला द्या. बरोबर आलं तर ‘घ’ खरं. पुन्हा तिथेच चुकलं तर मुलाने स्वतःच्या हाताने ‘घ’ खोडून ‘न’ किंवा ‘आ’ करायचं. हे खोडणं आठवीच्या मुलाला महिनाभराच्या उपदेशापेक्षा जास्त शिकवतं. ‘न’ आणि ‘आ’ यांतला फरकही नीट समजावा. ‘न’ असेल तर कुणाकडून तरी समजून घ्यावं लागतं. ‘आ’ असेल तर पुन्हा वाचून उपयोग नाही, वही मिटून आठवायचा सराव हवा. दोन्हींसाठी ‘अभ्यास वाढव’ असं सांगणं म्हणजे मुलाला वाट न दाखवणं. ‘प्र’ जास्त आले तर सोडवायच्या आधी प्रश्नातली क्रिया अधोरेखित करायची आणि काय काढायचं आहे ते आपल्या शब्दांत लिहायचं.

यानंतर पुढचं पाऊल, एकच. ते असं लिहिलेलं असावं की झालं की नाही हे तिसऱ्या माणसालाही सांगता येईल. ‘लक्ष देऊन करीन’ हे परत पाठवा. ‘बुधवारी आणि शुक्रवारी, उणे चिन्हाच्या कंसाची तीन-तीन उदाहरणं, पुस्तक न बघता, नंतर ताळा’ हे चालेल. वेळ मुलाच्या दिवसात बसणारी हवी. तुमच्याकडची बरीच मुलं आडगावांतून लाल बसने येतात. घरी गेल्यावर गुरं, शेत, धाकटी भावंडं असतात आणि पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. ‘रोज रात्री ८ ते १०’ असं लिहिणारा मुलगा दोन दिवसांत हरतो आणि आपल्याला जमतच नाही असं समजून बसतो. बसची वाट बघताना मिळणारी पंधरा मिनिटं किंवा शाळा भरण्याआधीची दहा मिनिटं खरी असतात. मुलाला आधी त्याचा दिवस मांडायला लावा, मग वेळ निवडू द्या.

आणि हे पान पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी उघडायलाच हवं. पाच मिनिटं : ठरवलेलं केलं का, कंसाचं अजून चुकतं का, या वेळचा अंदाज किती. पान परत उघडणारच नसाल तर ते लिहून घेण्यात मुलांचा वेळ घालवू नका. अंदाज आणि गुण यांत दोन-तीनचा फरक राहिला तर ठीक. १६ चा अंदाज आणि ९ गुण असं वारंवार येणाऱ्या मुलाबरोबर बसून, तो अंदाज कशावरून बांधतो ते विचारा. बहुधा तो सोडवलेली उदाहरणं नुसती वाचत असतो. उलट काही मुलं, त्यातही गप्प बसणाऱ्या मुली, सातत्याने कमी अंदाज लिहितात. त्यांना ‘येणार नाही’ अशी फुली केलेली, पण बरोबर सुटलेली उदाहरणं मोजायला सांगा. आपल्याला काय येतं हे कळणं हाही याच कामाचा भाग आहे.

४५ वह्या एकदम वाचायला जाऊ नका, थकाल आणि सोडून द्याल. सोमवार ते शुक्रवार रोज नऊ वह्या, प्रत्येकीत एकच ओळीचा प्रश्न : ‘दुसरं पद की पहिलं?’, ‘ताळा घेतलास का?’ शाबासकीचे शेरे नकोत. शनिवारच्या सकाळच्या शाळेत वर्गात सगळ्यात जास्त आलेली चूक फळ्यावर घ्या, नाव न घेता. मुलांनी लिहिलेल्यामुळे तुमचं शिकवणं बदलतंय हे त्यांना दिसलं, की लिहिण्यात जीव येतो.

या लिखाणाला गुण देऊ नका. एफए (वर्षभरातल्या छोट्या चाचण्या), एसए (सत्र परीक्षा) आणि दहावीच्या गुणांच्या हिशोबात मुलं आधीच अडकलेली असतात. इथेही गुण लावलेत तर ती तुम्हाला आवडेल ते लिहितील. पालकसभेतही ही वही पुढे करू नका. ‘मला काही कळलं नाही’ असं मुलाने विश्वासाने लिहिलेलं त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं, तर पूर्ण वर्ग पुन्हा ‘छान समजले’ वर येतो. सीआरपी (केंद्रातल्या शाळांचे मार्गदर्शक) किंवा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांच्या भेटीसाठी वही नव्याने सुंदर अक्षरात उतरवून घेण्याचा मोह टाळा. खाडाखोड असलेली वहीच दाखवा आणि ‘घ’ खोडून ‘न’ का झालं ते समजावून सांगा.

आता कन्नडचं. करता येईल, आणि सीमाभागातल्या मुलांना त्याची गरज जास्त आहे. मात्र विचार मराठीतच लिहू द्या. जी भाषा अजून हातात नाही तिच्यात स्वतःच्या चुकीबद्दल लिहायला लावलं, तर मूल विचार सोडून शब्द शोधत राहतं. मराठी मुलांच्या ठरावीक अडचणी आधीच माहीत असल्या तर प्रश्न नेमका विचारता येतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, तसेच ‘ओ’ही, मराठीत तो भेद नाही, त्यामुळे श्रुतलेखनात मुलाला चूक ऐकूच येत नाही. ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, खाली लिहायचं राहतं. लिंगाचाही घोळ होतो : मराठीत बस ‘आली’, म्हणून मूल ‘बस बंदळु’ लिहितं, पण कन्नडमध्ये वस्तू नपुंसकलिंगीच, तिथे ‘बंदितु’ हवं. म्हणून कन्नडच्या वहीत ‘म’ हे पाचवं अक्षर ठेवा : मराठीच्या सवयीने चुकलं. ज्या मुलाच्या घरी कन्नड किंवा कोकणी बोलतात, त्याला हे ‘म’ लागू होईलच असं नाही. त्याला त्याची सवय स्वतः शोधू द्या.

कन्नडच्या सरांना मराठी वाचता येत नसेल तर ओळी लिहायला लावू नका. नुसती अक्षरं आणि अंदाजाचा आकडा यांवर त्यांचं काम भागतं, आणि मुलाशी दोन मिनिटं बोलणं मोडक्यातोडक्या मिश्र भाषेतही होतं. सुरुवात एकाच विषयाने करा. गणितात दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत दोन चाचण्यांचं चक्र पूर्ण होऊ द्या, आणि सुट्टीनंतर कन्नडच्या सरांना मुलांच्या वह्या दाखवून विचारा, त्यांना हे हवंय का.